यंत्रांची दहीहंडी, माणसांची गर्दी

अभियांत्रिकी महाविद्यालयातील रोबो स्पर्धा पाहण्याचा योग बहुतेकांना येतो तो घरातील मुलगा किंवा मुलगी स्पर्धक म्हणून उतरलेली असते तेव्हाच. सभागृहाच्या मध्यभागी पांढऱ्या फळीवर एक काळी रेघ आखलेली असते. तिच्यावरून वीतभर लांबीची एक गाडी सरकत असते आणि भोवती वीस-पंचवीस विद्यार्थी श्वास रोखून वाकलेले असतात. मागच्या रांगेतील आई-वडिलांना मात्र त्या पाठींपलीकडचे काहीच दिसत नाही. कोण जिंकले, कशामुळे जिंकले, हे त्यांना समजत नाही. टाळ्या कधी वाजवायच्या हेही शेजाऱ्याकडे पाहून ठरवावे लागते. महिनोन्‌महिने रात्री जागवून तयार केलेल्या यंत्राचे कौतुक अशा रीतीने ते तयार करणाऱ्यांच्याच वर्तुळात सुरू होते आणि तिथेच संपते.

ही केवळ हौसेमौजेतील उणीव असती तर तिची फारशी चिंता करण्याचे कारण नव्हते. परंतु प्रेक्षक हा अशा स्पर्धांचा अलंकार नसून त्यांचा आधार असतो. खुर्चीवर बसलेली आठवी-नववीतील मुलगी 'हे मलाही जमेल' असे मनाशी म्हणते, तेव्हा पुढच्या पिढीतील एक अभियंता घडू लागतो. मुलाच्या या 'खेळण्यावर' पैसा आणि वेळ खर्च करावा की नाही, याचा निर्णय पालक घेतात, तोही त्यांना काय दिसले यावरूनच. प्रेक्षक नसेल तर या स्पर्धा मोठ्या शहरांतील मोजक्या संस्थांपुरत्या उरतात आणि लहान गावांतील बुद्धिमान मुलांपर्यंत त्यांची वार्ताही पोहोचत नाही.

मग सर्वसामान्य माणसाला यंत्रांच्या खेळात गोडी वाटावी तरी कशी? हा प्रश्न आधुनिक असला तरी त्याचे एक उत्तर दोनशे वर्षांपूर्वीच्या मराठी राज्यात, महाराष्ट्रापासून पुष्कळ दूर, कावेरीच्या खोऱ्यात सापडते. त्यासाठी प्रथम ओरत्तनाडु या गावाची ओळख करून घ्यायला हवी.

छत्रातील विद्या

तमिळनाडूतील तंजावरहून दक्षिणेस पट्टुकोट्टैकडे निघाले की वीस-पंचवीस किलोमीटरवर ओरत्तनाडु लागते. कावेरीच्या कालव्यांवर पोसलेली भातशेती आणि नारळीची झाडे यांमध्ये वसलेले हे तालुक्याचे गाव. मराठी माणसाने या गावाकडे आवर्जून पाहावे असे कारण म्हणजे तेथील मुक्तांबाळ छत्र. तंजावरचे मराठे राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी आपल्या प्रिय मुक्तांबा यांच्या स्मरणार्थ ते उभारले. त्यामुळे ही जागा मुक्तांबाळपुरम् या नावानेही ओळखली गेली.

छत्र म्हणजे वाटसरूंसाठी निवारा आणि अन्नछत्र. रामेश्वरच्या यात्रेला जाणाऱ्यांसाठी तंजावरच्या भोसले राजांनी अशी अनेक छत्रे बांधली. १८०१ साली सरफोजीराजांनी ब्रिटिश रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात या छत्रांच्या कारभाराचे वर्णन आढळते. तेथे वाटसरूंना भोजन मिळे, आजाऱ्यांना वैद्य आणि औषध मिळे. परक्या मुलखातून आलेली अनाथ मुले शिक्षकांच्या हवाली केली जात; त्यांच्या जेवणाची, कपड्यांची आणि औषधपाण्याची काळजी वाहिली जाई. त्या पत्रातील एक गोष्ट आजही थक्क करते. या मुलांना ज्या विद्येची आवड असेल ती विद्या शिकवली जात असे. कोणाचे मूल, कोणत्या गावचे, याची चौकशी करण्यापूर्वी त्याला कशात गोडी आहे हे पाहणारी ही दृष्टी होती.

सरफोजीराजे स्वतः विद्याव्यासंगी होते. जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले होते. युरोपातील वैद्यक, भूगोल आणि यंत्रविद्या यांचे त्यांना विलक्षण कुतूहल होते. सरस्वती महाल ग्रंथालयाला त्यांनी वैभव प्राप्त करून दिले आणि १८०५ साली तंजावरात देवनागरी छापखाना सुरू केला. परंतु ग्रंथालय आणि छापखाना ही साक्षरांची साधने होत. ज्याला वाचता येत नाही त्याच्यापर्यंत नवे ज्ञान न्यावयाचे कसे? त्यावर राजांनी योजलेला उपाय मोठा मार्मिक होता.

कोरवंजीच्या तोंडी भूगोल

दक्षिणेत 'कोरवंजी' नावाचा नृत्यनाट्याचा लोकप्रिय प्रकार आहे. विरहाने व्याकूळ झालेली नायिका, तिच्या भेटीस आलेली भटक्या कोरव जमातीतील भविष्य सांगणारी स्त्री, त्या स्त्रीने केलेले आपल्या डोंगरांचे आणि पाहिलेल्या मुलखांचे वर्णन, मग हात पाहून सांगितलेले भविष्य, असा त्याचा ठरलेला साचा. प्रेक्षकांना तो तोंडपाठ असे. सरफोजीराजांनी 'देवेंद्र कोरवंजी' हे मराठी नाटक रचले ते याच साच्यात. फरक इतकाच की, यातील कोरवंजी जे मुलूख सांगते ते केवळ आसपासचे डोंगर नाहीत. खंड, देश आणि समुद्र यांसह जगाचा नवा भूगोल ती गाण्यांतून मांडते.

येथे एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. राजांनी भूगोलाच्या पाठाला नाटकाचा मुलामा दिला नाही. कोरवंजीने पाहिलेल्या मुलखांचे वर्णन करणे हा त्या नाट्यप्रकाराचा मूळचाच भाग होता. त्या रिकाम्या जागेत नवे ज्ञान चपखल बसले. लोक भूगोल ऐकण्यासाठी नव्हे, तर कोरवंजी पाहण्यासाठी येत. घरी जाताना भूगोल सोबत नेत. ओळखीच्या खेळाच्या अंगभूत नियमात नवी विद्या गुंफायची, हे ते सूत्र. यंत्रांच्या स्पर्धा लोकप्रिय करण्याचा जगातील सर्वांत यशस्वी प्रयोगही याच सूत्रावर उभा आहे, आणि त्याचा एक महत्त्वाचा अध्याय पुण्यात लिहिला गेला.

बालेवाडीत यंत्रांचा गोपाळकाला

या प्रयोगाचे मूळ जपानमध्ये आहे. तोक्यो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे प्राध्यापक मासाहिरो मोरी यांच्या पुढाकाराने आणि 'एनएचके' या जपानी सार्वजनिक दूरचित्रवाणीच्या सहभागाने १९८८ साली तंत्रमहाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांसाठी 'रोबोकॉन' सुरू झाली. दरवर्षी नवा खेळ, म्हणून दरवर्षी नवे यंत्र, ही तिची पद्धत. स्पर्धेची जडणघडण आरंभापासूनच कॅमेऱ्यासाठी, म्हणजेच घरी बसलेल्या अनभिज्ञ माणसासाठी झाली. पुढे तिची राष्ट्रीय अंतिम फेरी तोक्योच्या कोकुगिकान या सुमो कुस्तीच्या भव्य आखाड्यात भरू लागली. मल्लांच्या आखाड्यात विद्यार्थ्यांची यंत्रे उतरावीत आणि त्यांच्यासाठी प्रेक्षागार भरावे, यातच सारे आले.

२००२ साली आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियन या प्रसारण संस्थांच्या संघटनेने ही कल्पना उचलली आणि 'एबीयू रोबोकॉन' ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. भारतात तिची राष्ट्रीय फेरी दूरदर्शनच्या पुढाकाराने होते. यजमान देशाने आपल्या संस्कृतीतील एखादी कथा, वास्तू किंवा खेळ निवडायचा आणि त्यावर स्पर्धेचे नियम बेतायचे, ही तिची परंपरा. २००३ साली बँकॉकमध्ये 'ताक्रॉ' हा वेताच्या चेंडूचा खेळ आला. २००४ साली सेऊलमध्ये ताटातूट झालेल्या प्रेमिकांच्या भेटीची लोककथा आली. २०१० साली कैरोत यंत्रांनी पिरॅमिड रचले.

२००८ साली यजमानपद भारताकडे आले आणि पुण्यातील बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडानगरीत ही स्पर्धा भरली. विषय होता दहीहंडी! उंचावरच्या मडक्यांपर्यंत पोहोचून 'लोणी' हस्तगत करायचे, हे यंत्रांपुढील आव्हान. स्पर्धा झाली ऑगस्ट महिन्यात, म्हणजे गोपाळकाल्याच्या दिवसांतच. ज्या पुणेकराने गल्लीतील थर मोजले होते आणि वरचा गोविंदा डगमगताना श्वास रोखला होता, त्याला या सामन्याचा नियम वेगळा समजावून देण्याची गरजच नव्हती. हात वर करणारे यंत्र पाहताच, ते पोहोचेल की कोसळेल, हा प्रश्न त्याच्या मनात आपोआप उभा राहत होता. विजेतेपद चीनच्या शीआन च्याओतोंग विद्यापीठाने पटकावले. परंतु खेळ मात्र आपला होता.

२०१४ साली स्पर्धा पुन्हा पुण्यात आली. या वेळचा विषय होता पालकत्वाला वंदन. एक पालक-रोबो आणि एक बालक-रोबो. पालकाने बाळाला उचलून न्यायचे, सी-सॉवर बसवायचे, खांबांवरून चालवायचे, झोपाळ्यावर झुलवायचे आणि शेवटी बाळाने जंगलजिमवर चढायचे. सर्व टप्पे पार पाडणाऱ्या संघाच्या निर्विवाद विजयाला दिलेले नाव होते 'शाबाश'. बागेत नातवंडांना खेळवणाऱ्या कोणत्याही आजोबांना या सामन्यातील ताण समजला असता. २०२२ साली नवी दिल्लीतील स्पर्धेचा विषय तर आपली लगोरीच होती. एका संघाने चेंडू मारून रचलेल्या चकत्या पाडायच्या आणि पुन्हा रचायच्या. दुसऱ्या संघाने तोवर रचणाऱ्या यंत्राच्या माथ्यावरील चेंडू नेम धरून उडवायचा.

टाळी कुठे पडते?

या स्पर्धांची रचना बारकाईने पाहिली तर प्रेक्षकांना खिळवून ठेवणाऱ्या काही गोष्टी हाती लागतात.

पहिली गोष्ट म्हणजे उद्दिष्ट डोळ्यांना दिसले पाहिजे. रेघेवरून धावणाऱ्या गाडीचे कौशल्य तिच्या संवेदकांत आणि संगणकीय आज्ञावलीत दडलेले असते. ते उत्कृष्ट असले तरी अदृश्य असते. हंडी मात्र शेवटच्या रांगेतूनही दिसते. यंत्र आणि लक्ष्य यांतील अंतर दिसले की उत्कंठा निर्माण होते.

दुसरी गोष्ट वेळेची. रोबोकॉनचा सामना बहुधा तीन मिनिटांचा असतो. लाल आणि निळा असे दोन संघ एकाच मैदानात एकाच वेळी उतरतात. त्यामुळे कोण पुढे आणि कोण मागे, हे कोष्टकात शोधावे लागत नाही. घड्याळ उलटे धावत असते आणि अखेरच्या दहा सेकंदांतही पारडे फिरू शकते.

तिसरी गोष्ट, निर्विवाद विजयाची. गुणांची बेरीज पंचांनी करावी. प्रेक्षकांना मात्र एक क्षण हवा असतो. त्या क्षणाला यजमानांच्या भाषेतील एखादे नाव मिळाले, की संपूर्ण सभागृह ते एका सुरात उच्चारू शकते.

चौथी आणि कदाचित सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे अपयश उघड असावे. यंत्र अडते, तिरके होते, हातातील वस्तू निसटते. नियमानुसार संघ ते पुन्हा आरंभस्थानी आणून नव्याने प्रयत्न करू शकतो. घामाघूम झालेली मुले धावत जातात, पाना फिरवतात, यंत्र पुन्हा सोडतात. तंत्रज्ञानाचा गंधही नसलेल्या माणसाला त्या धावपळीतील आर्जव समजते आणि तो नकळत एका संघाचा होऊन जातो.

यात एक धोकाही आहे. ओळखीचा खेळ केवळ नावापुरता वापरला तर त्याचा उपयोग होत नाही. काळ्या रेघेवरून जाणाऱ्या गाडीला 'पालखी' म्हटल्याने वारी घडत नाही. दहीहंडीतील उंची, लगोरीतील पाडणे आणि रचणे, म्हणजे खेळाचा प्राण असलेला नियमच यंत्राचे आव्हान झाला पाहिजे. कोरवंजीच्या रचनेत सरफोजीराजांनी नेमके हेच साधले होते.

मोडतोड की उभारणी?

प्रेक्षक खेचण्याचा आणखी एक मार्ग प्रचलित आहे, तो 'रोबोवॉर'चा. पारदर्शक पॉलिकार्बोनेटच्या भिंतींआड दोन यंत्रे एकमेकांवर तुटून पडतात, ठिणग्या उडतात, सुटे भाग उधळतात. १९९०च्या दशकात अमेरिकेत आणि ब्रिटिश दूरचित्रवाणीवर गाजलेला हा प्रकार भारतातील महाविद्यालयीन महोत्सवांतही रुळला. त्यासाठी गर्दी होते, हे मान्यच केले पाहिजे. कोणता मोटर-संच टिकाऊ, कोणते पोलाद चिवट, याचे धडे त्यातही मिळतात.

तरीही त्या गर्दीला यंत्र कशासाठी असते याचे उत्तर मिळत नाही. मुलीला किंवा मुलाला रोबोशास्त्राकडे पाठवू इच्छिणारे पालक तेथून परतताना फक्त आवाज सोबत नेतात. याच्या उलट दिशेचा विचार अमेरिकेत डीन केमन यांनी केला. खेळाडूंना मिळणारे कौतुक विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनाही मिळावे, या हेतूने त्यांनी १९८९ साली 'फर्स्ट' ही संस्था स्थापन केली. १९९२ साली न्यू हॅम्पशायरमधील एका शाळेच्या व्यायामशाळेत २८ संघांनिशी तिची पहिली स्पर्धा झाली. आज या स्पर्धेत संघांना आळीपाळीने एकमेकांचे सहकारी आणि प्रतिस्पर्धी व्हावे लागते. त्यामुळे शेजारच्या संघाला सुटा भाग उसना देणे हेच शहाणपणाचे ठरते. तेथे बँड वाजतो, घोषणा होतात, रंगीबेरंगी टोप्या दिसतात. फक्त कोणाचेही यंत्र फोडण्यासाठी कोणी येत नाही.

भाताच्या खाचरातील यंत्र

२०२४ साली एबीयू रोबोकॉन व्हिएतनाममधील क्वांग निन्ह प्रांतात झाली. विषय होता 'सुगीचा दिवस'. डोंगरउतारावरील भातखाचरांच्या धर्तीवर मैदान आखलेले होते. रोबोंनी रोपे लावायची, भात गोळा करायचे, आणि स्वयंचलित रोबोने भरलेले दाणे तेवढे निवडून कणगीत साठवायचे. लाल आणि निळे चेंडू म्हणजे भरलेला दाणा, जांभळा चेंडू म्हणजे पोचट. जांभळा चेंडू यंत्राने ओळखून टाळायचा. धान्य पाखडणाऱ्या माणसाचा डोळा यंत्राला देणे, हीच त्या वर्षीची परीक्षा होती.

ओरत्तनाडुच्या शेतकऱ्याला हा सामना दाखवला तर त्याला समालोचकाची गरज भासेल काय? पोचट दाणा म्हणजे काय, तो कणगीत गेल्यास काय होते, हे त्याच्याइतके कोणत्याही परीक्षकाला ठाऊक नाही. कदाचित तोच त्या विद्यार्थ्यांना दोन प्रश्न असे विचारील की, पुढच्या वर्षीचे यंत्र त्यातून सुचावे. प्रेक्षक वाढवण्याचा खरा लाभ येथे आहे. टाळ्या वाजवणाऱ्याइतकाच प्रश्न विचारणारा प्रेक्षक मोलाचा असतो आणि तो लहान गावांत भरपूर आहे.

सामग्रीचा तर तुटवडाच नाही. आपल्याकडील दहीहंडीचे भावंड शोभावे असा 'उरियडी' हा खेळ तमिळनाडूत गोकुळाष्टमीच्या सुमारास खेळला जातो. 'उरी' म्हणजे शिंके. टांगलेले मडके दोरीने वर-खाली होत असते आणि खेळणाऱ्याने काठीने ते फोडायचे असते. लगोरीलाही तेथे 'सात दगड' अशा अर्थाचे नाव आहे. बदलीच्या निमित्ताने निरनिराळ्या प्रांतांत राहिलेल्या बँक कर्मचाऱ्यांना हा अनुभव नवा नसेल : गाव बदलते, भाषा बदलते, अंगणातील खेळ मात्र ओळखीचाच निघतो. हलणाऱ्या मडक्याचा नेम धरणारा रोबो हा शाळकरी मुलांसाठी कठीण पण रसाळ विषय होऊ शकतो, आणि तो पाहण्यासाठी गाव लोटेल यात शंका नाही.

साधनेही पूर्वीइतकी दुर्मीळ राहिलेली नाहीत. २०१६ साली आरंभ झालेल्या अटल नवोन्मेष अभियानांतर्गत देशातील १० हजारांहून अधिक शाळांत 'अटल टिंकरिंग लॅब' उभ्या राहिल्या. निवडलेल्या शाळेला त्यासाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद करण्यात आली. मुंबई आयआयटीच्या 'ई-यंत्र' उपक्रमाने दूरदूरच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांसाठी रोबो स्पर्धेची वाट खुली केली. प्रयोगशाळा आली, संच आले. आता दार उघडे ठेवून गावाला आत बोलावणे तेवढे बाकी आहे.

त्यासाठी भव्य क्रीडासंकुल लागत नाही. स्पर्धा प्रयोगशाळेऐवजी शाळेच्या पटांगणात किंवा जत्रेच्या दिवशी मंगल कार्यालयात घेता येते. सामन्यापूर्वी यंत्र मांडण्यासाठी मिळणाऱ्या एका मिनिटात, त्या यंत्राचा कोणता भाग कशासाठी आहे, हे संघातील एखाद्या मुलीने गावच्या बोलीत सांगावे. सामना संपल्यावर प्रेक्षकांना यंत्राजवळ येऊ द्यावे, हात लावू द्यावा, नियंत्रकाची कळ दाबू द्यावी. यंत्रावर झालेल्या खर्चाचा फलक शेजारी लावला तर पालकांच्या मनातील अर्धी भीती ओसरेल. भंगारातून मिळवलेली मोटर आणि सायकलच्या दुकानातून आणलेली साखळी पाहून त्यांना आपल्या मुलांचे कसबही कळेल. आणि गुणवत्तेच्या पारितोषिकाबरोबर एक पारितोषिक प्रेक्षकांच्या मतांनी द्यावे.

बँकेच्या ग्राहकांना आणि कर्मचाऱ्यांनाही यात वाटा उचलता येण्यासारखा आहे. शैक्षणिक कर्जाचा अर्ज घेऊन समोर बसलेला विद्यार्थी आपल्या प्रकल्पाविषयी बोलू लागतो, तेव्हा त्याचे यंत्र एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहणे हे त्याच्यासाठी पारितोषिकापेक्षा कमी नसते. गावातील स्पर्धेला सहकुटुंब हजेरी लावण्यासाठी अभियंता असण्याची अट नाही.

मुक्तांबाळ छत्राच्या काळी वाटसरूला 'तू कोण?' असे विचारण्याआधी पान वाढले जाई आणि अनाथ मुलाला त्याच्या आवडीची विद्या मिळे. विद्येची आवड निर्माण होण्यासाठी मात्र ती आधी कुठेतरी दिसावी लागते. यंत्रांच्या स्पर्धांचे दार सर्वांसाठी उघडले, तर ओरत्तनाडुच्या एखाद्या शाळेतील मूल वर टांगलेल्या मडक्याकडे झेपावणारा पोलादी हात पाहील आणि दुसऱ्या दिवशी आपल्या शिक्षकांना विचारील की, तो हात वळतो कसा. स्पर्धेचे यश मोजण्यासाठी तेवढा एक प्रश्न पुरेसा आहे.